ठोठावण्याआधी जरा थांब

मी जुना आहे हे वेगळं सांगायला नकोच, मित्रांनो. माझ्या बटणांकडे नुसतं बघितलंत तरी कळेल. त्यांच्यावरचे आकडे अर्धे पुसले गेलेत, एका कोपऱ्याचा टवका उडालाय, आणि मला टांगायची मूळची आकडी तर कधीच मोडली. म्हणून कितीतरी वर्षं मी सलाइनच्या स्टँडला एका पिवळ्या पायमोज्यात बसून लोंबकळत काढली. हसू नका. रुग्ण घसरू नयेत म्हणून तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे देतात ना, तसला एक कोरा मोजा. हृदयाच्या अतिदक्षता विभागात एकाहून एक महागडी यंत्रं, आणि माझ्या नशिबी मोजा! पण ऊबदार होता, तक्रार नाही.

मी तात्पुरता पेसमेकर आहे. कायमचा असतो तो माणसाच्या कातडीखाली जन्मभर राहतो. मी बाहेरचा, चार दिवसांचा पाहुणा. हृदयाची शस्त्रक्रिया झाली की सर्जन हृदयावर केसासारख्या बारीक तारा अडकवून त्यांची टोकं बरगड्यांखालून बाहेर काढून ठेवतात. ती टोकं मला जोडली की माझं काम सुरू.

काम समजायला अवघड नाही. तुमचं हृदय म्हणजे दुमजली घर आहे असं समजा. वरच्या मजल्यावरून हाक येते, ती जिन्याने खाली पोहोचते, आणि खालचा मजला आकसून रक्त पुढे ढकलतो. शस्त्रक्रियेनंतर कधीकधी हा जिनाच सुजतो. वरची हाक खाली पोहोचत नाही आणि खालचा मजला गाढ झोपून राहतो. अशा वेळी मी वरची हाक ऐकतो, जरासा थांबतो, आणि खालून काहीच हालचाल नाही असं दिसलं की स्वतः जाऊन दार ठोठावतो. मी ठोठावलं की माझा हिरवा दिवा लुकलुकतो. हृदयाने स्वतःहून ठोका दिला तर तो मी नुसता ऐकतो, तेव्हा नारिंगी दिवा लागतो. ठोठावण्याआधी किती थांबायचं, हे सांगायला मला एक वेगळं बटण आहे. ते लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्या बटणाची आहे.

माझा जन्म मिनेसोटातल्या एका कारखान्यात झाला. तिथून बर्फातून ट्रकने मी विस्कॉन्सिनमधल्या या सरोवराकाठच्या शहरात आलो तो इथलाच झालो. आल्या दिवशी मी काय चमकत होतो! नर्सेस मला हातात घेऊन बघायच्या. पुढे नवलाई सरली आणि काम उरलं. किती हृदयांची दारं ठोठावली त्याला गणती नाही. गाईंच्या धारा कोण काढणार म्हणून दुसऱ्याच दिवशी घरी निघालेला एक गवळी होता. शाळेच्या बसची एक चालक बाई होती, ती झोपेत पोरांना दमात घ्यायची. रविवारी गावच्या संघाचा फुटबॉलचा सामना टीव्हीवर लागला की सगळ्या वॉर्डाची हृदयं उधळायची, आणि डोकं ठिकाणावर असलेला एकटा मीच असायचो. बरा झालेला माणूस घरी जाताना नर्सचे आभार मानतो, सर्जनचे मानतो. माझ्याकडे बघतही नाही. मला पुसून खणात ठेवतात, जुन्या बॅटऱ्या आणि चिकटपट्टीच्या गुंडाळ्यांशेजारी. वाईट वाटायचं का? वाटायचं थोडं. पण माझी गरज न उरणं हेच माझ्या कामाचं यश, हे मला हळूहळू उमगलं, आणि ते उमगायला मार्लिस कारणीभूत झाली.

मार्लिस वँडरहाइडन आमच्या विभागातली नर्स प्रॅक्टिशनर. बरीच वर्षं ती साधी नर्स होती, मग पुन्हा शिकली, परीक्षा दिल्या. आता ती रुग्ण तपासते, औषधं लिहून देते, नळ्या घालते आणि काढते, कुणाला कधी चालवायचं, कुणाची तार कधी ओढायची हे ठरवते. सर्जन शस्त्रक्रियेच्या खोलीत अडकलेले असतात तेव्हा सगळा वॉर्ड तिच्या खांद्यावर असतो. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, चालते तुरुतुरु. खिशात कायम नवी कोरी बॅटरी. माझी बॅटरी बदलताना ती मला दम भरायची, "थांबायचं, पण झोपायचं नाही हं, म्हाताऱ्या." तेव्हापासून माझं नावच म्हातारा पडलं.

एका हिवाळ्यात क्लिफ जॅडिन आमच्याकडे आला. इथून उत्तरेला असलेल्या स्टर्जन बे गावच्या गोदीत वेल्डर. सरोवर गोठलं की मालवाहू जहाजं दुरुस्तीला त्या गोदीत येऊन उभी राहतात, आणि बर्फ वितळेपर्यंत वेल्डरांना जेवायला फुरसत नसते. नेमका त्याच दिवसांत क्लिफच्या हृदयाची झडप कामातून गेली. झडप नवी बसवली, शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण झडपेला लागूनच असलेला तो जिना सुजला. वरची हाक खाली जाईना. मग मोज्यासकट माझी नेमणूक क्लिफच्या उशाशी झाली.

शुद्धीवर आल्यावर त्याने आधी मार्लिसला न्याहाळलं. "तू नक्की कोण गं बाई? नर्स की डॉक्टर?"

"सर्जन शस्त्रक्रिया करून घरी जातात ना?" मार्लिस म्हणाली. "ते गेल्यावर जी उरते ती मी."

मग त्याची नजर माझ्यावर गेली. "आणि हे मोज्यात काय घातलंय?"

"तुमचं हृदय सध्या तो चालवतोय. जरा आदराने बोला."

"एवढं मोठं इस्पितळ आणि एक धड आकडी नाही त्याला टांगायला? लाज आणलीत."

मला तो माणूस तिथेच आवडला.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी मार्लिसने नेहमीसारखी तपासणी केली. मला हळूच गप्प करून खालचा मजला स्वतः जागा होतो का हे बघायचं असतं. क्लिफ तेव्हा तिला मासे गोठलेल्या सरोवरातून कसे काढतात ते सांगत होता. मी गप्प झालो. खालचा मजलाही गप्प. क्लिफचं वाक्य अर्ध्यावर तुटलं, डोळे वर गेले, चेहरा राखेसारखा झाला. मार्लिसने झटकन मला पुन्हा सुरू केलं आणि तो शुद्धीवर आला. पण तिने माझी सगळी बटणं दोनदा तपासली आणि मगच मला मोज्यात परत ठेवलं. "याला आता कुणी हात लावायचा नाही," तिने सगळ्यांना बजावलं. मग तिच्या सुट्टीचे दिवस आले आणि ती घरी गेली.

तिचा शब्द वॉर्डात कुणी मोडत नाही. रोज नर्स यायची, माझा हिरवा दिवा बघायची, प्रत्येक ठोका म्हाताऱ्याचाच आहे असं म्हणायची आणि जायची. शेवटी ठरलं. क्लिफला कायमचा पेसमेकर बसवायचा. कायमचे पेसमेकर बसवणारे डॉक्टर सोरेन्सन यांनी त्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली.

त्या दुपारी मार्लिस कामावर परतली आणि क्लिफच्या खोलीत गेली. क्लिफची बायको यूनिस खुर्चीत बसून थर्मासमधून वाटीत बूया, म्हणजे इकडचं मांस-भाज्यांचं दाट सूप, ओतत होती. वास सगळ्या खोलीत पसरला होता.

"यूनिस, बूया आणलंत ना? मीठ किती घातलंय त्यात?"

"चिमूटभर गं."

"कुणाच्या चिमटीने?"

एरवी क्लिफ यावर खो खो हसला असता. आज तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने न वळताच विचारलं, "ते यंत्र आत बसल्यावर मला वेल्डिंग करता येईल का? खरं सांग. बाकीचे सगळे म्हणतात, बघू नंतर."

मार्लिस खाटेच्या कडेला बसली. "घरातलं बारीकसारीक काम जमेल. गोदीतलं मोठ्या करंटचं नाही. त्या करंटने पेसमेकर फसू शकतो. त्याला वाटतं हृदय चाललंय, आणि तो गप्प बसतो. मग तुम्ही जहाजाच्या पोटात, शिडीवर. गोदीवाले तुम्हाला आत पाऊलसुद्धा टाकू देणार नाहीत."

"म्हणजे संपलं."

"अहो, जीव राहिला तर सगळं राहील," यूनिस म्हणाली.

"तू गप गं. बापापासून हेच केलंय मी. मला दुसरं काय येतं?" त्याचा आवाज फाटला. यूनिसने वाटी खाली ठेवली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मित्रांनो, मी त्याचं हृदय चालवत होतो, पण ते दुखत होतं त्याला माझ्याकडे कुठलंच बटण नव्हतं.

मार्लिस उठून बाहेर गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे मला ऐकू आलं. तिने नर्सला विचारलं, "त्या दिवसानंतर पुन्हा कुणी तपासून पाहिलं का, खाली काही जाग आहे का?"

"तूच म्हणाली होतीस ना, हात लावायचा नाही."

मार्लिस तशीच मागे वळली. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. माझ्यासमोर उभी राहून ती बराच वेळ माझा हिरवा दिवा बघत राहिली. नुसता हिरवा, हिरवा, हिरवा.

मी तिला काही सांगू शकत नव्हतो. पण मला एक ठाऊक होतं. गेल्या दिवसभरात मी दार ठोठावलं की लगेच मागोमाग जिन्यावर कसलीशी चाहूल लागायची. लंगडत, उशिरा, पण कुणीतरी उतरत होतं. ते पोहोचायच्या आत माझं ठोठावून झालेलं असायचं, कारण मला थांबायला वेळच थोडा दिलेला होता. एकदा घाबरलेल्या माणसांनी तो वाढवला नव्हता, आणि त्यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या दिवशीचा तो राखेसारखा चेहरा मीही पाहिला होता.

"क्लिफ," मार्लिस म्हणाली, "एकदा बघायचंय मला. या वेळी म्हाताऱ्याला गप्प करणार नाही. फक्त ठोठावण्याआधी थोडं जास्त थांब म्हणून सांगणार. तो पहाऱ्यावर असेलच."

"तुला भीती वाटतेय का?"

"हो."

"मला पण. चल, दोघं मिळून घाबरू."

तिने आधी त्याच्या छातीवर संकटकाळी विजेचा झटका देणारे पॅड चिकटवून घेतले, नर्सला शेजारी उभं केलं, माझी बॅटरी बदलली. मग ते बटण अगदी हलक्या हाताने फिरवलं. मी थोडा जास्त थांबलो. खालून काही नाही. ठोठावलं. हिरवा. तिने आणखी फिरवलं. पुन्हा हिरवा. यूनिस ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत होती. क्लिफने डोळे मिटून घेतले होते. मार्लिसने आणखी फिरवलं, आणि मी थांबलो, थांबलो, आणि ठोठावणार तेवढ्यात खालून दार आपणहून उघडलं.

माझा नारिंगी दिवा लागला!

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या दिव्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता. पुढचे दोन ठोके पुन्हा माझे. मग एक त्याचा. मग सलग बरेचसे त्याचे. मार्लिसने बटणावरचा हात काढला.

"काय झालं?" क्लिफने डोळे न उघडता विचारलं.

"तुमचं हृदय बोलतंय, क्लिफ. आळशी आहे, उशिरा बोलतंय. पण बोलतंय."

यूनिसला रडू आवरेना. क्लिफ म्हणाला, "आळशी? बायकोच्या माहेरचं असेल ते," आणि यूनिसने रडता रडता त्याच्या दंडावर चापट मारली.

डॉक्टर सोरेन्सन आले. उंच, शांत माणूस. ते वाकून माझे दिवे बघत राहिले आणि खूश झाले, पण लगेच हुरळले नाहीत. "उद्याची वेळ सोडली तर पुढची लवकर मिळणार नाही. आणि तारा जितके जास्त दिवस राहतील तितकी जंतूंची भीती."

"ठाऊक आहे," मार्लिस म्हणाली.

"आत्ता तो पडून आहे. पायऱ्या चढताना हृदय धावायला लागलं आणि परत अडलं तर?"

"तर मीच तुम्हाला फोन करीन, तुम्ही पेसमेकर बसवा, आणि क्लिफच्या शिव्या मी खाईन. पण त्याला चढून तर बघू द्या."

सोरेन्सन हसले. "बरं. मलाही एखाद्या सकाळी काम न करता कॉफी पिऊ दे."

रात्रभर मी पहाऱ्यावर होतो आणि सकाळपर्यंत क्वचितच ठोठावावं लागलं. मग इस्पितळाच्या खऱ्याखुऱ्या जिन्याचा दिवस उजाडला. क्लिफ अतिदक्षता विभागाच्या दारातून निघाला तो छातीशी लाल हृदयाच्या आकाराची उशी घट्ट धरून. खोकताना छातीच्या हाडाला आधार म्हणून ही उशी सगळ्यांना देतात, आणि वॉर्डातले कर्मचारी तिच्यावर सह्या करतात. एवढा दांडगा वेल्डर, हातांवर भाजल्याच्या खुणा, आणि कवेत लाल उशी. "गोदीत कुणी फोटो दाखवलात तर बघा," तो सगळ्यांना दम देत होता. मी मोज्यात, त्याच्या गळ्यात. एका बाजूला मार्लिस, दुसऱ्या बाजूला यूनिस, मागे चाकाची खुर्ची घेऊन नर्स.

तो पायऱ्या चढू लागला. हृदयाचा वेग वाढला, वरच्या हाका भराभर येऊ लागल्या. नारिंगी, नारिंगी, नारिंगी. मधल्या वळणावर तो थांबला आणि कठडा धरला. वरून हाक आली आणि खालून काहीच नाही. मी थांबलो. मार्लिसने ठरवून दिलेला वेळ संपत आला. मला वाटलं, गेलं, आता हिरवा दिवा लागणार आणि याची गोदी जाणार. मी ठोठावणारच होतो, मित्रांनो, अगदी शेवटच्या टोकावर होतो.

आणि खालचा मजला जागा झाला.

त्यानंतर एकदाही माझी गरज लागली नाही. वर पोहोचल्यावर क्लिफ धापा टाकत म्हणाला, "म्हाताऱ्याने किती वेळा दार ठोठावलं माझं?"

मार्लिसचे डोळे भरले होते. "एकदाही नाही."

आणखी काही दिवस नीट पाळत ठेवून तिने एका सकाळी त्याच्या तारा हळुवार ओढून काढल्या आणि त्याला पाठीवर निजवून ठेवलं. मला पुसलं, मोज्यात घातलं, खणात ठेवलं. या वेळी मला मुळीच वाईट वाटलं नाही.

वसंतात बर्फ वितळला, जहाजं पुन्हा सरोवरात गेली आणि एका दुपारी क्लिफ आणि यूनिस वॉर्डात आले. यूनिसच्या हातात चेरी-पाय, म्हणजे चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ होता, क्लिफच्या हातात फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू. त्याने ती मार्लिसपुढे ठेवली. आकडी होती, मित्रांनो! न गंजणाऱ्या पोलादाची, गुळगुळीत, माझ्या बरोबर मापाची, खाली मला बसायला चौकट आणि वर स्टँडला अडकायला वळण.

"गोदीत बनवली," तो म्हणाला. "डॉक्टर सोरेन्सनने तपासून मोकळं सोडलं मला. ही परतल्यावरची माझी पहिली जोडणी. पुसता येते, इथे स्वच्छता तपासणाऱ्या बाईंनाही चालेल. तो मोजा टाका आता."

मार्लिस सांध्यावरून बोट फिरवत राहिली. तिथे वेल्डिंगची एक बारीक, सरळ, सुरेख रेघ होती. ती रेघ म्हणजे काय हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. मग यूनिस म्हणाली, "अगं, चेरी-पाय काप ना. यात मीठ नाहीये," आणि सगळे हसले.

त्यानंतरही मी काही वर्षं काम केलं, आकडीवर, ताठ मानेने. आता विभागात स्क्रीन असलेले नवे पेसमेकर आलेत. हुशार आहेत, चुका मोजून दाखवतात. माझी बदली शिकवण्याच्या खोलीत झाली आहे, आणि आकडी मार्लिसने माझ्याबरोबरच पाठवली. तिचे केस पिकलेत. नव्या नर्सेसना आणि प्रॅक्टिशनरना शिकवताना ती मलाच हातात घेते. कुणी घाईने बटण पिळलं की ती त्यांचा हात धरते. "अगं, थांब. त्याला आधी बोलू दे. एकदा गप्प बसला म्हणून कायमचा मुका झाला का तो?"

मित्रांनो, तुमच्याही आसपास कुणीतरी सुजलेल्या जिन्यावरून हळूहळू उतरत असेल. अडखळत वाचणारा धाकटा भाऊ असेल, आजारातून उठलेली आजी असेल. मदतीला जरूर जा. पण दार ठोठावण्याआधी जरासं थांबा, ते आपणहून उघडतंय का बघा. काल नाही उघडलं म्हणून आज उघडणार नाही, असं धरून चालू नका. आणि थांबाल तेव्हा तिथून हलू नका. मार्लिस आजही माझी बॅटरी बदलते, या शिकवण्याच्या खोलीत, जिथे माझ्या तारांना रबरी हृदय जोडलेलं असतं. कशाला बदलतेस, असं कुणी विचारलं की ती माझ्या पाठीवर थाप मारते आणि म्हणते, "तो थांबलाय. झोपलेला नाही."